‘कापडाचं छप्पर म्हणजे शहरी चोचले’: खानापूरच्या वाचकांना सविस्तर उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही नाव दिलेलं नाही. ‘खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेचा एसडीएमसी (शाळा विकास आणि देखरेख समिती) सदस्य’ एवढंच लिहिलंय, म्हणून दादाच म्हणतो. ताणलेल्या कापडी छतांवरचा माझा मागचा लेख वाचून तुम्ही चांगलंच फैलावर घेतलंत. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या शाळेत प्रार्थनेच्या जागेवर वर्गणी काढून कापडी छत घातलं, ते दुसऱ्याच वळवात फाटलं आणि ठेकेदार आता फोन उचलत नाही. शाळेचा जुना पत्रा मात्र तुमच्या वडिलांच्या काळापासून उभा आहे. त्यावर तुमचा निष्कर्ष असा की बेळगावच्या टिळकवाडीत बसून असले चोचले लिहिणाऱ्यांनी एकदा आमच्याकडचा पाऊस बघून जावा. शेवटी एक प्रश्नही विचारलाय, खांब शाबूत आहेत तर त्यांच्यावर नवं कापड चढेल का?

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी कापड विकत नाही, कुणाची एजन्सीही घेतलेली नाही. इमारतींचे हिशेब करणं हा माझा धंदा, आणि त्यात पत्र्याची शेडच जास्त असतात.

तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. पहिल्या फोटोत चार खांब दिसतात, चारही एकाच उंचीचे. त्यांच्यावर कापड टेबलावर चादर अंथरावी तसं सपाट घातलंय. कोपऱ्यांना पितळी डोळे, त्यातून ओवलेली नायलॉनची दोरी, आणि दोरीला गाठ. दुसऱ्या फोटोत फाटलेला भाग जवळून दिसतो. चीर मधून सुरू झालेली नाही. कापड ज्या आडव्या पाइपवर टेकलं होतं तिथूनच ती निघालीय, आणि चिरेच्या तोंडाशी कापडाचा थर घासून आतला धागा पांढरा दिसतोय. म्हणजे ते कापड उन्हानं कुजलं नाही, वयानंही गेलं नाही. वाऱ्यात फडफडत ते पाइपवर दिवसरात्र घासत राहिलं आणि वळवाचा एक झोत आल्यावर तिथूनच टरकलं.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. तुमच्याकडे जे होतं ते ‘कापडी छत’ होतं, ‘ताणलेलं छत’ नव्हतं. या प्रकारात ताकद कापडाच्या जाडीत नसते, ती ओढीत आणि आकारात असते. कापड दाब घेत नाही, वाकण घेत नाही, फक्त ओढ घेतं. म्हणून ते दोन दिशांनी उलटसुलट वळवावं लागतं: एका कर्णावरचे दोन कोपरे वर, दुसऱ्या कर्णावरचे दोन खाली, म्हणजे घोड्याच्या खोगिरासारखा आकार येतो. वारा वरून दाबायला लागला की एका दिशेचे धागे तो पेलतात आणि खालून उचलायला लागला की दुसऱ्या दिशेचे. वडगाव-शहापूरच्या विणकरांना ताणा आणि बाणा मी काय सांगणार! फरक एवढाच की लुगड्यात ताणा-बाणा अंगावर सुखावतो आणि इथे मीटरभर रुंदीच्या पट्टीला काही वारा नसतानाही शंभर-दोनशे किलोंची ओढ देऊन ठेवावी लागते. सपाट कापडाला तुम्ही कितीही ओढा, वारा आला की ते फुगणार, आणि पाऊस आला की मध्ये झोळ पडणार. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद जागेत सरासरी दहा सेंटीमीटर पाणी साठलं तर वजन किती होतं? नऊशे किलो. त्या वजनानं झोळ आणखी खोल जातो, मग आणखी पाणी येतं. तुमच्याकडच्या पावसात त्याला तासभरही लागत नाही.

दुसरी गोष्ट फाटण्याची. चांगल्या पीव्हीसी कापडाची, म्हणजे पॉलिस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर दिलेल्या कापडाची, पाच सेंटीमीटर रुंद पट्टी सरळ ओढून तोडायला साधारण तीनशे किलो लागतात. पण एकदा का चीर पडली, की ती पुढे न्यायला तीसेक किलो पुरतात. म्हणून या कामात फाटण्याची सुरुवातच होऊ न देणं याला महत्त्व. कापड कुठेही उघड्या पाइपवर, वेल्डिंगच्या खपलीवर, बोल्टच्या टोकावर टेकता कामा नये. कडेच्या खिशातून वायर रोप गेलेला असतो, कोपऱ्याला दोन प्लेटांमध्ये कापड घट्ट धरलेलं असतं, आणि ती प्लेट टर्नबकलनं, म्हणजे फिरवून ओढ कमीजास्त करता येणाऱ्या आट्यांच्या जोडानं, खांबाला ओढलेली असते. तुमच्या फोटोत यातलं काहीच नाही, नुसती गाठ मारलेली दोरी आहे.

आता पत्र्याबद्दल. पत्रा टिकतो, मान्यच आहे. जुन्या काळचा जाड जस्ती पत्रा असेल तर चाळीस वर्षंही काही विशेष नाहीत. पण वळवात ‘पत्रे उडाले’ ही बातमी आपल्याकडे दर एप्रिल-मे महिन्यात ठरलेली असते, तेव्हा पत्र्याला अमरपट्टा देऊ नका. आणि आजचा अर्धा मिलीमीटरचा पत्रा म्हणजे तुमच्या वडिलांच्या काळचा पत्रा नव्हे. त्याला गंज चढतो तो हुक-बोल्टच्या भोकांपासून.

तरीही तुमच्या गावासाठी मला विचाराल तर वर्गखोल्यांवर पत्रा किंवा कौलच घाला. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकघरावर तर कापड चुकूनही नको. चांगलं कापड आग पसरू देत नाही, पण ठिणगीनं भोक पडतंच, आणि धुराचा थर बसला की तो निघत नाही. कापडाखाली उन्हाळ्यात पत्र्याइतकं भाजत नाही हे खरं, पण एका थरात थंडीला अडवण्याची ताकद नसते, आणि पावसाचा आवाज दोन्हीत होतोच, गुरुजींचं बोलणं मागच्या बाकापर्यंत जाणार नाही. मोठ्या झाडाखालीही नको. फांदी पडली की संपलं, आणि चीक, पानं, पाखरांची घाण यांनी कापड कायम मळकट. शिवाय तुमच्याकडे वानरं आहेत. ताणलेल्या कापडावर वानराला उडी मारायला फार आवडतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे.

मग कापड कुठे? जिथे मध्ये खांब नको असतात, बाजू उघड्या असतात आणि दिवसा आत उजेड हवा असतो तिथे. कुस्तीच्या मैदानावर प्रेक्षकांसाठी, बसथांब्यावर, शाळेच्या व्यासपीठावर. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा इथली साहित्य संमेलनं वर्षानुवर्षं भाड्याच्या मांडवात होतात. ज्या गावाला असा कार्यक्रम दरवर्षी करायचाय आणि बाकीचे दिवस तिथेच मुलं खेळणार आहेत, त्यांनी हिशेब मांडून बघायला हरकत नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी अशाच प्रकारचं छत चढवलं. जेद्दा विमानतळावरचं हज यात्रेकरूंचं टर्मिनल १९८१ पासून कापडाच्याच तंबूंखाली आहे. ते कापड काचेच्या तंतूंवर टेफ्लॉन चढवलेलं, पंचवीस-तीस वर्षं सहज जाणारं आणि तितकंच महाग. आपल्याकडे परवडतं ते पीव्हीसीचं. ते नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं. तुम्हाला कुणी ‘लाइफटाइम’ म्हणालं तर कुणाचं लाइफटाइम ते विचारा.

तुमच्या छताचं सगळ्यात मोठं दुखणं कापडात नव्हतंच, ते जमिनीखाली होतं. तुम्ही लिहिलंय की खांबांसाठी दीड-दीड फुटाचे खड्डे घेतले आणि ‘कापडच तर आहे, वजन किती असणार’ असं ठेकेदार म्हणाला. वजन नसतंच! एक चौरस मीटर कापड किलोभरही भरत नाही. प्रश्न वजनाचा नाही, उचलण्याचा आहे. वाऱ्याचा हिशेब आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागावरून करतात. त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. त्या वेगाला चौरस मीटरवर साधारण ९३ किलोंचा दाब येतो. आकार, उंची, आजूबाजूची मोकळी जागा यांप्रमाणे तो कमीजास्त होतो, पण अंदाज घ्या: वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद छताला अठरा टनांच्या आसपास वर उचलणारा जोर. आणि ते छत स्वतः जेमतेम दोनशे किलोंचं. ही सगळी ओढ कोपऱ्यांतून खांबाच्या पायाशी जाते. एका कोपऱ्यावर पाच टनांची ओढ आली आणि ती नुसत्या वजनावर धरायची म्हटली तर दोन घनमीटरहून जास्त काँक्रीट लागतं. तुमच्या दीड फुटी खड्ड्यातलं काँक्रीट अडीचशे किलोंच्या आत. कापड आधी फाटलं म्हणून वाचलात, नाहीतर खांबच उपटून मुलांच्या अंगावर आला असता. हे घाबरवायला लिहीत नाही. कापड फाटलं तरी खांब स्वतःच्या बळावर उभा राहिला पाहिजे, ही पहिली अट. काही ठिकाणी कापडच खांबाला धरून ठेवतं. असं असेल तर ते काम घेऊच नका.

तेव्हा पुढच्या वेळी दरपत्रक मागवाल तर रंग आणि डिझाइन नंतर बघा. आधी विचारा: कोणत्या वेगाचा वारा धरलाय, प्रत्येक पायावर किती टनांची उचल येते आणि ती कागदावर कुणी सही करून दिलीय. कापडाची जात आणि जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम ते, लेखी घ्या. सातशेच्या आतलं असेल तर मोठ्या छताला घेऊ नका. वरच्या थराला पीव्हीडीएफ या टिकाऊ प्लास्टिकचा लेप आहे का बघा, त्याच्यावर तांबडी धूळ कमी चिकटते आणि उन्हात थर लवकर तडकत नाही. जोड शिवलेले आहेत की उष्णतेनं चिकटवलेले? पीव्हीसीला चिकटवलेलेच हवेत, सुईची भोकं म्हणजे पावसाला आमंत्रण. वॉरंटी दहा वर्षांची म्हणाले तर ती कुणाची तेही बघा. बहुधा ती कापड बनवणाऱ्या कंपनीची असते, उभारणाऱ्याची नव्हे. आणि करार वाचून घ्या हो. आपल्या सीमाभागात अर्ज कन्नडमधून, दरपत्रक इंग्रजीतून आणि नंतरचं भांडण मराठीतून, अशी तऱ्हा असते.

देखभालीवर तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, कारण ठेकेदारानं ‘मेंटेनन्स-फ्री’ सांगितलं असणार. तसं काही नसतं. नवीन नवारीची खाट महिन्या-दोन महिन्यांत सैल पडते आणि पुन्हा आवळावी लागते, तसंच हे. पॉलिस्टरचा धागा सतत ओढीत राहिला की थोडा लांबतो. पहिल्या वर्षात एकदा तरी उभारणाऱ्यानं येऊन टर्नबकल आवळून द्यायला हवेत, आणि हे करारातच लिहून घ्यायला हवं. नंतर वर्षातून दोनदा बघितलं तरी भागतं. एकदा पाडव्याच्या सुमारास. जूनच्या आधी म्हणून मे महिना उजाडू देऊ नका, आपल्याकडे छप्परं जातात ती मृगात नव्हे, वळवात. तळहातानं कापड दाबून बघा, सगळीकडे सारखं कडक लागलं पाहिजे. एका बाजूला मऊ लागलं किंवा वाऱ्यात फडफड ऐकू आली तर ओढ गेलीय. वायर रोपचा एखादा तार सुटलाय का, कोपऱ्याच्या प्लेटखाली गंजाचा ओघळ आहे का, टर्नबकलचा लॉकनट सैल झालाय का, हे शिडीवर चढून डोळ्यांनी बघा. आवळायचं मात्र स्वतः नको. एका कोपऱ्यात जास्त ओढलं की दुसरीकडे सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीवर कापड दुमडून दुमडून तडकतं.

दुसऱ्यांदा दसऱ्याला. जांबोटी-कणकुंबीकडच्या ओलीत उत्तरेच्या बाजूला शेवाळ धरतंच. साधं पाणी, सौम्य साबण, लांब दांड्याचा मऊ ब्रश. ब्लीचिंग पावडर, थिनर, रॉकेल यातलं काही लावू नका, वरचा लेप जातो आणि मग मळ दुप्पट वेगानं बसतो. गाड्या धुण्याचं प्रेशरचं यंत्रही नको. दिवाळीनंतर एकदा बाणांनी पाडलेली भोकं शोधा. भोक दिसलं तर त्याच जातीच्या कापडाचा, गोल कडांचा, चारी बाजूंनी चार बोटं मोठा तुकडा गरम हवेच्या गननं चिकटवून घ्यायचा. डांबर, एम-सील, चिकटपट्टी हे पावसाळा निभावण्यापुरतंसुद्धा नाही. आणि झेंड्याची दोरी, माइकचे कर्णे, हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) तारेवरून घेतलेली लाइटची माळ, यांतलं काही त्या खांबांना किंवा कडेच्या दोराला बांधू देऊ नका. शाळेत हे सांभाळणं सगळ्यात अवघड असतं, मला कल्पना आहे. ज्या गावात हे दोनदा बघायला माणूस नाही आणि त्यासाठी वर्षाला चार पैसे बाजूला काढायची तयारी नाही, तिथे पत्राच घालावा. यात कमीपणा नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. चांगल्या बांधणीत कापड म्हातारं झालं की तेवढंच बदलतात, खांब आणि पाया तसेच राहतात. त्यासाठी कापड कापण्याचे मूळ नकाशे हवेत, कारण ते पट्ट्यापट्ट्यांनी कापून, ओढ दिल्यावर किती लांबेल ते आधीच वजा करून जोडलेलं असतं. नकाशे नसतील तर नव्यानं मोजमाप करावं लागतं. तुमच्या बाबतीत मात्र उत्तर नाही असंच आहे. त्या चार खांबांवर, त्या खड्ड्यांवर, कितीही भारी कापड घातलं तरी तेच होणार. पाया नवा घ्यायचा, दोन खांब उंच करायचे, म्हणजे काम पहिल्यापासूनच. त्या पैशात तुमच्या प्रार्थनेच्या जागेवर चांगल्या ट्रसवर (लोखंडी कैच्यांवर) रंगीत पत्रा होतो. मी तुमच्या समितीत असतो तर तोच घातला असता, पण पायाचा आणि वाऱ्याचा हिशेब त्याच्यासाठीही मागितला असता.