उत्तनच्या बोंबलाचा वास: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझा लेख वाचून तुम्ही सहकुटुंब भाईंदरजवळच्या उत्तन या कोळ्यांच्या गावी गेलात, पण चर्चपर्यंत पोचेस्तोवर सुक्या बोंबलाच्या वासाने मुलं हैराण झाली. 'हे वाळवण गावाबाहेर हलवलं तर पर्यटन वाढेल,' असं तुम्ही लिहिलंत. मुलांना त्रास झाला याचं वाईट वाटलं. सूचना मात्र मला मुळीच पटत नाही.

बोंबील म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. डोलीतून (पिशवीसारख्या जाळ्यातून) काढल्यावर काही तासांत तो खराब होऊ लागतो. बर्फ नव्हता तेव्हा टिकवायचा उपाय एकच होता, ऊन आणि वारा. कोळणी दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि वलांडीवर टांगतात. बांबूच्या या मांडवाला समुद्राचा मोकळा वारा लागतो. शिवाय होडी लागते तिथून मासा जितका लांब न्यायचा, तितकी बायकांच्या डोक्यावरची पाटी जड. निवडणं, टांगणं, राखणं, बाजारात नेऊन विकणं, सगळं त्याच करतात. मधेच अवकाळी पाऊस आला तर टांगलेला माल हातचा जातो. एवढं सोसून उभं राहिलेलं काम आपल्या रविवारच्या सहलीसाठी हलवायचं?

आणि चर्च त्यापासून वेगळं काढून बघता येत नाही. उत्तनचा धर्मग्राम (चर्चचा परिसर, पॅरिश) 'अवर लेडी ऑफ द सी'च्या, म्हणजे समुद्राच्या मरियामातेच्या, नावाचा आहे. मराठी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) बाकांवर बसतात ती याच वलांडीवरची, होड्यांवरची माणसं. उत्तन, डोंगरी, गोराई, मनोरी हे सगळं जुनं धारावी बेट (झोपडपट्टीची धारावी वेगळी). चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ साली, पोर्तुगीज इथून गेले. कोळ्यांनी त्यांच्या काळातला ख्रिस्ती धर्मही ठेवला, दर्याही ठेवला.

वासाचीच तक्रार करायची तर धावगीच्या डोंगरावर मीरा-भाईंदर शहराचा कचरा येऊन पडतो, त्याची करा. तो वास गावाचा नाही. गावकरी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडतायत आणि त्यांच्या बाजूने बोलणारे बाहेरचे फार थोडे आहेत. तुमच्यासारख्यांनी दोन ओळी लिहिल्या तर त्यांना खरंच हव्या आहेत.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा वलांड्या रिकाम्या असतात. वास नकोच असेल तर तेव्हा जा. पण मी म्हणेन, थंडीत सकाळी जा. काम चालू असेल तिथल्या एखाद्या मावशींना विचारा, मुलांना जबडे कसे अडकवतात ते बघू द्या. फोटो काढण्याआधीही विचारा, आणि निघताना बोंबील त्यांच्याकडूनच घ्या.