तारा उतरवायची एवढी घाई कशाला?

‘नाताळ 25 डिसेंबरला संपला. आता तारा उतरवा, गव्हाण आवरा आणि कामाला लागा. देवाचे आभार 31 च्या रात्री मानून झाले. बाप्तिस्मा लहानपणीच झालाय, तेव्हा आपल्याला काही कळतही नव्हतं. तो आता कशाला आठवायचा?’ असा मजकूर सध्या नाशिकरोडच्या घराघरांत मोबाईलवर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातले दोघे घरचेच. म्हणून उत्तर देते.

आधी तारखेचं. 25 डिसेंबरला नाताळचा काळ संपत नाही, सुरू होतो. आम्हा कॅथलिकांकडे आधी 1 जानेवारीपर्यंतचे आठ दिवस, मग पूर्वेकडचे ज्ञानी बाळ येशूच्या दर्शनाला आले त्याची आठवण म्हणून प्रकटीकरणाचा सण, आणि शेवटी प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण. त्या दिवशी हा काळ संपतो. म्हणजे गव्हाणीतल्या बाळापासून निघालेली वाट यार्देन नदीच्या पाण्यात पोचते.

बाप्तिस्मा एकदाच होतो, हे अगदी खरं. त्याचा ठसा पुसला जात नाही, म्हणून तो पुन्हा देत नाहीत. पण जे पुसलं जात नाही ते विसरायचं कशाला? पोप फ्रान्सिस लोकांना वारंवार सांगायचे की आपल्या बाप्तिस्म्याची तारीख शोधा, घरी विचारा, लक्षात ठेवा. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 25 डिसेंबर 1936 चा. ते ऐकून मी आईची ट्रंक उघडली होती. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली माझी बाप्तिस्म्याची मेणबत्ती निघाली, मधोमध मोडलेली, नुसत्या वातीवर लोंबणारी. सोबत पिवळट पडलेलं, माझ्या वितीएवढं पांढरं झबलं. आईने इतकी घरं बदलली, कितीतरी भांडी वाटून टाकली, पण या दोन वस्तू सोडल्या नाहीत.

‘आपल्याला काही कळतही नव्हतं’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण आभाराचं मूळच तिथे आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो, येशू कामाला लागला तेव्हा साधारण तीस वर्षांचा होता. तोवर त्याचं एकही प्रवचन झालेलं नव्हतं, एकही रोगी बरा झालेला नव्हता. तो बाकीच्या लोकांबरोबर यार्देनमध्ये बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे आला आणि पाण्यात उतरला. रामकुंडावरची गर्दी पाहिलेल्या नाशिककराला ते दृश्य समजावून सांगायला नको: कुणाचा खांदा कुणाला लागतोय, कुणाचे कपडे भिजलेत, आणि त्यातच तोही उभा. तेव्हा वाणी झाली, ‘तू माझा प्रिय पुत्र आहेस.’ काम नंतर आलं, प्रेम आधी. काही न करता मिळालं म्हणून तर आभार मानायचे! 31 च्या रात्री आपण वर्षभरात मिळालेल्या गोष्टींचे आभार मानतो, ते मानावेतच. हे आभार मात्र त्याहून जुन्या देण्याचे आहेत.

राहिलं ‘कामाला लागा.’ लागूच. पण कोणत्या? आपल्या शरणपूरच्या मिशनशाळेत गुलामीतून सुटलेली आफ्रिकन मुलं शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. हे नाव त्याला जन्माने मिळालेलं नव्हतं. 1873 मध्ये मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती त्याने. मग लिव्हिंगस्टनचे सेवक चुमा, सुसी आणि इतरांसोबत तो मृतदेह घेऊन महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत गेला. हे त्याला कुणी हुकूम देऊन करायला लावलं नव्हतं. पाचारण, म्हणजे देवाची हाक, म्हणतात ते हेच, आणि ते शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या आपल्यालाही आहे: आजाऱ्याजवळ बसायला, भांडलेल्या भावाच्या दारात जायला.

आमचा तारा बाप्तिस्म्याच्या रविवारपर्यंत गॅलरीतच राहील. त्या दिवशी चर्चमधल्या मिस्सेत बाप्तिस्म्याची वचनं नव्याने म्हणायची, थंडगार पवित्र पाण्याचे शिंतोडे तोंडावर घ्यायचे. घरी आल्यावर मोडकी मेणबत्ती पेटवायची आणि संगमनेरला धर्ममातेला फोन लावायचा. मला हातांवर धरलं होतं तिने; तिचे आभार मी अजून एकदाही मानलेले नाहीत.