आदिवासी मूल ‘अप्रगत’ ठरतं ते पहिलीतच

दहावी-बारावीचे निकाल लागले की आदिवासी तालुक्यांच्या मागे पडण्याची चर्चा होते. मग वसतिगृहं, शिष्यवृत्ती, गळती, पालकांची उदासीनता हे विषय निघतात. पण ज्या ठिकाणी हे मूल खरोखर मागे पडतं, ती जागा दहावीच्या नऊ वर्षं अलीकडे आहे. पहिलीच्या जूनमध्ये. मूल वर्गात बसतं आणि शिक्षक जे बोलतात त्यातलं त्याला काहीही कळत नाही. बुद्धी कमी म्हणून नाही. ती भाषा त्याची नाही म्हणून.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातली अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 5 लाख होती, म्हणजे राज्याच्या 9.35 टक्के. राज्याची साक्षरता 82.3 टक्के आणि आदिवासींची 65.7 टक्के. या दरीमागे गरिबी आहे, अंतर आहे, कुपोषण आहे, स्थलांतर आहे, सगळं आहे. पण बाकीची कारणं शाळेच्या हाताबाहेरची आहेत. भाषा हे एकच असं कारण आहे जे शाळेच्या चार भिंतींत तयार होतं आणि तिथेच दुरुस्त होऊ शकतं. म्हणून आज फक्त त्याबद्दल.

आधी एक गैरसमज. ‘आदिवासी बोली म्हणजे मराठीचीच गावठी रूपं, चार महिन्यांत मुलं रुळतात.’ वारली किंवा कातकरीच्या बाबतीत हे थोडंफार खरं मानता येईल. भिली, पावरी, मावची या इंडो-आर्य भाषा आहेत, पण मराठीपेक्षा गुजरातीकडे जास्त झुकलेल्या. गोंडी, माडिया आणि कोलामी तर द्राविड भाषा, तेलुगू-कन्नडच्या कुळातल्या. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, तिचं नातं थेट झारखंडच्या संथाळी-मुंडारीशी. पाण्याला गोंडीत ‘येर’, कोरकूत ‘डा’. मेळघाटात तर बाजारात चालते ती हिंदी. म्हणजे धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलासाठी मराठी ही दुसरी नव्हे, तिसरी भाषा असते.

शब्द पाठ करून हे भागत नाही, कारण फरक भाषेच्या सांगाड्यात आहे. मराठीत तीन लिंगं: दगड ‘तो’, वीट ‘ती’, झाड ‘ते’. गोंडीत पुरुषांसाठी एक रूप आणि बाई, जनावर, वस्तू या सगळ्यांसाठी दुसरं. कोरकूत सजीव-निर्जीव हा भेद महत्त्वाचा, शिवाय एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये दोघांसाठी वेगळं द्विवचन. असं मूल ‘ती आला’ म्हणालं तर ते गोंधळलेलं नसतं, स्वतःच्या भाषेच्या नियमाने चाललेलं असतं. वहीवर मात्र लाल रेघ पडते.

गणितातही तेच. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर, लिहिताना 2 आधी आणि 5 नंतर. ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक कमी. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी जोड दिली तेव्हा राज्यभर टिंगल झाली. जे मूल मराठी घरात वाढलं त्याला ती सोय नकोशी वाटली असेल. पण ज्याने ‘पंचवीस’ हा शब्द आयुष्यात प्रथम शाळेतच ऐकला, त्याच्यासाठी ती पायरी होती.

मग वर्गात काय होतं? मूल गप्प बसतं. शिक्षक प्रामाणिकपणे शेरा लिहितात, ‘बुजरा आहे’. तेच मूल मधल्या सुट्टीत भावंडांशी अखंड बोलत असतं, हे कुणी नोंदवत नाही. सहा महिन्यांत ते एक युक्ती शिकतं: अक्षर ओळखायचं, मोठ्याने म्हणायचं, अर्थाच्या भानगडीत पडायचं नाही. दुसरीत ते धडा धडाधड वाचतं आणि तपासायला आलेले अधिकारी खूश होतात. तिसरीत परिसर अभ्यासात अर्थ कळण्याची गरज पडते तेव्हाच पाय घसरतो, आणि पाचवीत त्याच्या नावापुढे ‘अप्रगत’ लागतं. जगभरच्या द्विभाषिक मुलांवर काम केलेले जिम कमिन्स सांगतात की नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई साधारण दोन वर्षांत येते, पण त्या भाषेत विषय शिकण्याची ताकद यायला पाच ते सात वर्षं लागतात. आपण चार महिने देतो.

मूल कुठे अडलंय हे शोधणं अवघड नाही. वजाबाकीची दहा उदाहरणं घ्या आणि तीन प्रकारे द्या. एकदा नुसते अंक: 12 – 5. एकदा घरच्या भाषेत तोंडी, मोहफुलांच्या किंवा कोंबड्यांच्या हिशेबात. एकदा पुस्तकातल्या मराठीत: ‘12 पेरूंपैकी 5 पेरू मित्राला दिले, तर किती उरले?’ तिन्ही गुण शेजारी लिहा. तोंडी आणि अंकी दोन्ही बरोबर आणि शाब्दिकच चुकलं, तर मुलाला गणित येतं. त्याला ‘पैकी’ आणि ‘तर’ येत नाही. तोंडी बरोबर आणि अंकी चूक, तर चिन्हं नीट शिकवलेली नाहीत. तिन्ही चुकली तरच संकल्पनेवर परत जायचं. आज या तिघांनाही एकच उपचार मिळतो: जादा तास, तेच पुस्तक, तीच मराठी. वाचनाचंही तसंच. पन्नास-साठ शब्दांचा उतारा वाचून घ्या आणि मग ‘तुझ्या भाषेत सांग, काय झालं?’ एवढंच विचारा. शिक्षकाला उत्तर कळत नसेल तर वरच्या वर्गातलं मूल शेजारी बसवा.

शिकवायचं कसं, हाही काही गूढ प्रश्न नाही. ओडिशाने 2006-07 पासून आदिवासी भाषांतून बहुभाषिक शिक्षण सुरू केलं आणि पुढे ते 21 भाषांपर्यंत नेलं. आपल्याकडे ते असं करता येईल: पहिलीचे पहिले तीन-चार महिने गोष्टी, गाणी, मोजणं, वर्गीकरण घरच्या भाषेत. त्याच वेळी रोज अर्धा तास मराठी, पण फक्त कानाने आणि अंगाने: ऊठ, दार उघड, दोन पानं आण, मोठा दगड दे. आठवड्याला आठ-दहा नवे शब्द पुरेत, वस्तू हातात देऊन. वाचनाची सुरुवात घरच्या शब्दांनी, देवनागरीतच. दोन्ही भाषांत असलेली अक्षरं आधी घ्यायची: क, म, न, प, र, ल आणि काना. ‘येर’ वाचता आलं की ‘य’ आणि ‘र’ कायमचे आले, मराठी वाचताना ते पुन्हा शिकवावे लागत नाहीत. मराठी वाचन दुसरीच्या दिवाळीनंतर आणि तिसरीत मराठी पुस्तक, पण अवघड कल्पना आधी घरच्या भाषेत उलगडून. यात वर्ष वाया जात नाही. उलट, न कळता रेटलेली दोन वर्षं वाचतात.

फसतं कुठे, तेही सांगायला हवं, कारण प्रयत्न झालेले आहेत आणि बरेच विरून गेलेत. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वाक्यावाक्याला भाषांतर. शिक्षक एक वाक्य मराठीत बोलतात, मदतनीस लगेच घरच्या भाषेत सांगतो. मूल हुशार असतं, ते मराठी ऐकणंच सोडतं आणि भाषांतराची वाट पाहतं. त्यापेक्षा आधी पाच मिनिटं विषयाची ओळख घरच्या भाषेत, मग सलग मराठी, शेवटी मुलांनी आपल्या भाषेत सांगणं. दुसरी चूक शब्दसंग्रहाच्या पुस्तिकांची. गडचिरोलीच्या दक्षिणेकडची माडिया आणि यवतमाळची गोंडी एक नाही. एकीकडे छापलेली पुस्तिका दुसरीकडे नेली की मुलं हसतात आणि पुस्तिका कपाटात जाते. छापण्याआधी ती त्या पाड्यावरच्या दोन-तीन आज्यांना ऐकवली तर हा खर्च वाचेल. तिसरी गोष्ट, शिक्षकाने तीन-चार वर्षांत भाषा आत्मसात केली की त्याची बदली होते आणि ती शिदोरी त्याच्याबरोबर निघून जाते.

आश्रमशाळांबद्दल वेगळं बोलायला हवं. राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजारावर आश्रमशाळा आहेत आणि पहिलीपासून मूल तिथे राहतं. घर सुटतं आणि भाषाही सुटते. बहुतेक वेळा त्याची भाषा बोलणारी मोठी माणसं म्हणजे कामाठी आणि स्वयंपाकी. ज्या माणसाजवळ मूल रडतं, बोलतं, त्याला शाळेत शैक्षणिक स्थान शून्य. आदिवासी मुलांसाठीच्या केंद्रीय योजनेतल्या एकलव्य निवासी शाळांत तर सहावीपासून माध्यम बहुतांशी इंग्रजी, आणि 2023 मध्ये शिक्षकभरती केंद्राकडे गेली तेव्हा त्या परीक्षेत हिंदीची चाचणी सक्तीची झाली. गोंडी किंवा कोरकूची चाचणी नाही.

शिक्षकभरती हीच खरी कळ आहे. 2014 मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित भागातली, शिक्षकांसह काही पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. 2020 मध्ये आंध्र प्रदेशच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकपदांचं 100 टक्के आरक्षण रद्द केलं आणि इथली भरतीही अडकली. उमेदवारांनी आंदोलनं केली आणि त्यांचा राग रास्त होता. पण माझं स्पष्ट मत आहे की जन्माच्या दाखल्याबरोबरच भाषेची अट हवी. पहिली ते तिसरीच्या शिक्षकाला त्या पाड्याची भाषा बोलता आलीच पाहिजे, आणि त्याची तोंडी परीक्षा त्या गावच्या माणसांनी घ्यावी. यात स्थानिक आदिवासी तरुण आपोआप पुढे येतील, आणि भाषा शिकलेल्या बाहेरच्या शिक्षकावरही अन्याय होणार नाही.

कायदा आड येत नाही. संविधानाचं कलम 350 क प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगतं, ते 1956 पासून आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 ‘शक्य असेल तोवर’ मातृभाषा म्हणतं, आणि सगळं या ‘शक्य असेल तोवर’मध्ये अडकतं. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःची गोंडी शाळा सुरू केली, तर तिला अनधिकृत ठरवणारी नोटीस गेली. जे काम शासनाने करायचं, ते गावाने केलं तर गुन्हा?

पालकांचा एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. ‘आमची भाषा घरी आहेच, शाळेत मराठी-इंग्रजी शिकवा, नाहीतर पोरगं इथेच राहील.’ ही भीती अनुभवातून आली आहे, ती अडाणीपणाची नाही. त्यांना भाषणाने पटणार नाही. तिसरीच्या शेवटी पालकसभेत मुलाने मराठी गोष्ट वाचून ती आपल्या भाषेत समजावून सांगितली, तर पटेल.

आता एक अगदी छोटं काम, ज्याला आदेश लागत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, दाखल्यावर आणि यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत मातृभाषेचा रकाना असतो. तिथे सवयीने ‘मराठी’ भरलं जातं. कागदावर सगळी मुलं मराठी असली की ना पुस्तिका मागता येते, ना भाषा येणारा शिक्षक. या जूनमध्ये पहिलीच्या पालकांना एकच प्रश्न विचारा, ‘घरी पोराशी कुठल्या भाषेत बोलता?’ आणि जे उत्तर येईल तेच लिहा. पावरी असेल तर पावरी, माडिया असेल तर माडिया. केंद्रप्रमुखांनी म्हटलं की ‘यादीत ही भाषा नाही’, तर तसं लेखी मागा.