शाळेचे दार आणि गोवराची लस

२०२२ च्या नोव्हेंबरात गोवंडीत गोवराने लहान मुले दगावली, तेव्हा मुंबईत शिक्षिका असलेल्या माझ्या मावसबहिणीने फोनवर विचारले होते, "लस नाही तर शाळा नाही, असा तुमच्या कॅलिफोर्नियासारखा कायदा आपल्याकडे का नको?" तो कायदा झाला तेव्हा मला मनापासून समाधान वाटले होते, तरीही मी तिला होकार देऊ शकलो नाही.

येथे पूर्वी लसीकरण आपल्या मतांविरुद्ध आहे एवढे सांगूनही पालकांना सूट मिळत असे. डिसेंबर २०१४ मध्ये डिस्नीलँडमधून गोवर पसरला, राज्यात शंभराहून अधिक जणांना त्याची लागण झाली, आणि पुढच्याच वर्षी, स्वतः बालरोगतज्ज्ञ असलेले सिनेटर रिचर्ड पॅन यांच्या पुढाकाराने, वैद्यकीय कारण वगळता सर्व सवलती रद्द करणारा कायदा संमत झाला. किंडरगार्टनमध्ये येणाऱ्या, सर्व लसी पूर्ण झालेल्या मुलांचे प्रमाण दोन वर्षांत सुमारे ९० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांच्या पुढे गेले. गोवराला रोखण्यासाठी साधारण तेवढेच लागते. काही पालकांनी मग डॉक्टरांकडून सैल दाखले मिळवायला सुरुवात केली, म्हणून २०१९ मध्ये त्यांच्यावरही देखरेख आली. ही सक्ती मला न्याय्य वाटते. सूट घेणाऱ्यांत मरीन काउंटीसारख्या सुखवस्तू, सुशिक्षित भागांतले पालक बरेच होते. लस त्यांच्या हाताशी होती, आणि त्यांच्या नकाराची किंमत मात्र केमोथेरपी घेणाऱ्या वर्गमित्राला किंवा लस घेण्याचे वय न झालेल्या तान्ह्या बाळाला मोजावी लागणार होती.

गोवंडीतल्या आईने असा नकाराचा अर्ज कधी भरलेला नव्हता. करोनाच्या काळात चुकलेले डोस, कामासाठी बदलणारे पत्ते, बुडणारी रोजी, आणि हो, लसीने ताप येतो ही धास्तीसुद्धा, असे सगळे तिथे एकत्र आले होते. शिवाय गोवराचा घाला मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांवर पडतो. ज्यांना वाचवायचे ती शाळेच्या दारापर्यंत पोहोचलेलीच नसतात. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारू नये असे शिक्षण हक्क कायदा सांगतो, तिथे लसीचे कार्ड नाही म्हणून मुलाला परत पाठवले, तर त्याची शाळाही जाईल आणि लसही. महाराष्ट्रात २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत लाखो मुलांना लस टोचली गेली ती शाळांमध्येच, हे विसरून कसे चालेल?

म्हणून मी तिला एवढेच सुचवले की प्रवेशाच्या वेळी कार्ड जरूर मागावे, नसेल तरी मुलाचे नाव पटावर घ्यावे, घरी धाकटे भावंड आहे का ते विचारावे, आणि दोघांचीही नावे त्याच आठवड्यात वस्तीतल्या आरोग्य सेविकेकडे द्यावीत.