डी सात आणि दीड एकर

आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेला वाळका पाला, पेटलंय. दिल्लीच्या आसपासच्या राज्यांत काड जाळल्याचा दंड केंद्रानं २०२४च्या नोव्हेंबरात दुप्पट केला, पाच एकरांवरच्या शेतकऱ्याला ३० हजार. तो उद्या आपल्या उसालाही लागेल, या भीतीनं दादानं लिहिलं, "लुटायला शेतकरी आपल्याकडंच सापडतोय. तुमच्या इंग्लंडात त्याला कोण हात लावतंय?"

माझं डोकंच फिरलं. अरे, इथं गव्हाचं काड जाळायला १९९३पासून बंदी आहे! माझ्या शेजारच्या मेंढीवाल्याला कुंपणाच्या फांद्या पेटवायच्या तरी 'डी ७' नावाची सूट, म्हणजे कचरा-परवान्यातून माफी, नोंदवावी लागते. २४ तासांत १० टनांपर्यंत. मुरघासावर (आंबवून साठवलेल्या चाऱ्यावर) झाकलेल्या कागदावर जुने टायर ठेवायचे तर 'यू ८'. चराचा गाळ काठावर टाकायचा तर 'डी १'. नोंदणी तीन वर्षांची, पण निदान फुकट होती. आता इथल्या सरकारी पर्यावरण एजन्सीनं तिलाही शुल्क लावायचं ठरवलं. तपासणीला पैसा लागतो, आणि या सवलतीच्या आडून भलतेच लोक कचऱ्याचा धंदा करतात, म्हणून.

इथली शेतकरी संघटना चिडली. शेजारी तर गेटवर अर्धा तास बोलत होता: रात्री कुणीतरी माझ्या रानात गाद्या टाकून जातो, त्या उचलायच्या मी, आणि टायर ठेवायचे पैसेही मीच भरायचे? म्हणजे अगदी दादाचंच बोलणं. हे मी ग्रुपवर टाकलं नाही. 'इथले लोक नियम पाळतात' एवढंच टाकलं.

दादाचं उत्तर आलं, "नोंदणी करून पाचट कुजतंय व्हय?"

हेक्टरी आठ-दहा टन पाचट. टोळी ऊस तोडून गेली की खोडव्याला पाणी द्यायची घाई, कुट्टी मशीनचं भाडं, वर ते कुजवायला युरिया, सुपर फॉस्फेट. मला हे ठाऊक नाही असं नाही. बांधावर ओलं पोतं घेऊन उभे राहिलेले अण्णा आठवतात. पेटवायची काडी ते माझ्याच हातात द्यायचे. तरीही मी दादाला जमिनीच्या कर्बावर तीन परिच्छेद पाठवले.

त्यावर तो एवढंच म्हणाला, "तुझ्या दीड एकराचा वाटा दरसाल पोचतोय न्हवं? कुट्टीचं भाडं त्यातनं कापू?"

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. हे लिहायला मात्र सवड मिळाली.