औषध कुलपात नको, हाताशी हवे

अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांची यादी शाळेने तयार ठेवावी आणि त्यांची औषधे कार्यालयातील कुलूपबंद कपाटात सुरक्षित ठेवावीत, असे शाळेतील अ‍ॅलर्जीविषयीच्या तुमच्या लेखात सुचवले आहे. यादीबद्दल दुमत नाही. कुलपाला मात्र माझी ठाम हरकत आहे. तीव्र अ‍ॅलर्जीत, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, घसा सुजणे, श्वास अडकणे आणि रक्तदाब घसरणे हे सारे काही मिनिटांत घडू शकते, आणि त्या वेळी किल्ली कोणाकडे आहे याची चौकशी करत बसायला कोणालाच सवड नसते. माझ्या मुलीची अ‍ॅड्रेनॅलिनची दोन ऑटो-इंजेक्टर (या झटक्यावरच्या औषधाचा ठरलेला डोस दाबताच देणारी तयार इंजेक्शने) तिच्या वर्गातच, शिक्षिकेच्या टेबलाच्या वरच्या खणात, एका लाल पाकिटात असतात. सोबत तिचा फोटो आणि झटका आल्यास काय करायचे हे सांगणारा, डॉक्टरांनी सही केलेला कृती-आराखडा असतो.

अँटिहिस्टामिनच्या, म्हणजे अ‍ॅलर्जीवरच्या नेहमीच्या, गोळीने खाज आणि पुरळ कमी होते, पण ती अ‍ॅड्रेनॅलिनची जागा घेऊ शकत नाही, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असायला हवे. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज पडल्यास कपड्यांवरूनही देता येते. त्यानंतर मुलाला चालवत नेऊ नये. आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत, आणि श्वासाला त्रास होत असेल तर बसू द्यावे. बरे वाटू लागले तरी रुग्णालयात न्यावेच, कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा उद्भवू शकतात.

आणखी एक, नेहमी राहून जाणारी गोष्ट: सॅनिटायझरने हाताला लागलेली, अ‍ॅलर्जी घडवणारी शेंगदाण्याची प्रथिने निघत नाहीत. डबा खाल्ल्यावर सर्वच मुलांनी साबण आणि पाण्याने हात धुवावेत.