एवढे अर्ज आलेत तर पगार कमी करू, म्हणे

काल रात्रीची मीटिंग झाल्यापासून डोकं ठणकतंय. झोप नाही, आणि बायकोनं सांगितलंय की माझ्या कानाशी भुणभुण नको, कुठेतरी लिहून टाका, म्हणून लिहितोय. सोसायटीच्या कमिटीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना वेगळं काही सांगायला नको, बाकीच्यांनी देवाचे आभार माना.

तर आमच्या सोसायटीच्या ऑफिसला एक माणूस हवा होता. आधीचा गावी निघून गेला. काम काय, तर मेंटेनन्सच्या पावत्या फाडायच्या, टँकरवाल्याला फोन करायचे, पार्किंगचे स्टिकर वाटायचे, लिफ्ट बंद पडली की लिफ्टवाल्याच्या मागे लागायचं आणि उरलेल्या वेळात मेंबर लोकांची बोलणी खायची. पगार १४ हजार, पीएफ-बिएफ काही नाही. गेटवर कागद चिकटवला, दोन-तीन ग्रुपवर टाकलं, अट एवढीच की बारावी पास असावा आणि कॉम्प्युटर येत असावा. अर्ज आले ते बघून मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे की विद्यापीठाचा कुलगुरू तेच कळेना. बी.ई., परत बी.ई., एम.कॉम., बी.एस्सी. अॅग्री, एम.ए. बी.एड., परत बी.ई. नुसता बारावी पास एकही नाही. तो शहाणा असणार, तो कधीच डिलिव्हरीला लागला.

आणि प्रत्येक रेझ्युमेत वर तेच छापील वाक्य, आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीत योगदान देण्याची इच्छा. अरे बाबा, आव्हानात्मक म्हणजे सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आहेत, त्यांच्या गॅलरीत वरून पाणी पडतं. दे योगदान.

एक पोरगा प्रत्यक्ष आला. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकचा फोल्डर, त्यात दहावीपासूनची सगळी सर्टिफिकेटं कव्हरमध्ये घालून ओळीनं लावलेली. परभणीकडचा. मेकॅनिकलला फर्स्ट क्लास, मग पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिका लावून एमपीएससी, मग सरळसेवेच्या मिळतील त्या परीक्षा. मी म्हटलं बस, तर खुर्चीच्या कडेवर बसला, आणि दारातून कोणीही आत आलं, अगदी झाडूवाला आला तरी उठून उभा राहायचा. सर, मराठी टायपिंग ३०, इंग्रजी ४०, दोन्ही सर्टिफिकेटं आहेत. अपेक्षित पगाराच्या जागी लिहिलेलं, 'आपण ठरवाल तो'. ते वाचल्यावर मी उगाच ड्रॉवर उघडून स्टेपलर शोधत बसलो.

असो. मीटिंग. मी अर्जांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि सांगितलं, माणूस चांगला मिळतोय, घेऊन टाकू. आमचे चेअरमन, वय पंचाहत्तरच्या पुढे, सरकारी खात्यातून वरच्या हुद्द्यावरून निवृत्त, त्यांनी गठ्ठा हातात घेतला, एक कागदही वाचला नाही, नुसता वजन केल्यासारखा वरखाली केला आणि म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, एवढे अर्ज आलेत म्हणजे आपण पगार जास्त ठेवला. बारा करा. येतील."

येतील!

मला आधी वाटलं चेष्टा चाललीय. मग खजिनदारांनी मान डोलावली. मग डी विंगचे ते गृहस्थ, ज्यांची स्वतःची दोन भाडेकरू लावलेली घरं आहेत आणि दर वर्षी ११ महिन्यांचा करार संपला की न चुकता दहा टक्के वाढवतात, ते म्हणाले की बरोबर आहे, मार्केट रेट असतो ना. मार्केट रेट! च्यायला, एका इंजिनियरच्या महिन्याच्या पगारातले दोन हजार कापायला मार्केट, आणि गेल्या वर्षी कारंज्याला लायटिंग केलं तेव्हा कुठे गेला होता मार्केट रेट? ते कारंजं टँकरच्या पाण्यावर चालतं, हे जाता जाता. बंद करा म्हटलं तर म्हणे सोसायटीची शान आहे.

बरं, नुसतं बारा करा म्हणून थांबले असते तर मी गिळलं असतं. पुढे प्रवचन. "आजकालच्या पोरांना कष्टच नकोत." अहो काका, आत्ताच तर म्हणालात की १४ हजारासाठी झुंबड उडालीय! कष्ट नकोत म्हणून झुंबड उडते का? एकाच श्वासात दोन्ही बोलतो माणूस आणि समोरचे सहा जण हो हो म्हणतात. यांना स्वतःला जुनी पेन्शन. वर्षातून दोनदा, जानेवारीचा आणि जुलैचा, महागाई भत्ता वाढतो, तो वाढला की ग्रुपवर पेढ्याचा इमोजी पडतो. म्हणजे महागाई आहे हे यांना पक्कं ठाऊक आहे, फक्त ती परभणीच्या पोराला लागत नाही.

शेवटी तोडपाणी होऊन १३ वर आलं. पोराला फोन करायचं काम अर्थात माझ्याकडे. मला वाटलं निदान कुरकुर करेल, मग मी भांडायला मोकळा. तो म्हणाला, "चालेल सर, कधीपासून येऊ?"

आणि मग चहा. चहाबरोबर काय, तर आपण चौथी अर्थव्यवस्था. हे चेअरमनसाहेबांचं आवडतं. २०२५ च्या मे महिन्यात नीती आयोगाकडून आलं होतं की जपानला मागे टाकलं, तेव्हापासून मीटिंगमध्ये ड्रेनेजचा विषय निघाला तरी जपान येतो. टाकलं असेल मागे, मी नाही म्हणत नाही, आनंद आहे. पण दरडोई बघा की जरा. आपलं वर्षाला तीन हजार डॉलरच्या आत, जपानचं ३० हजारांच्या वर. हे बोललं की मी निगेटिव्ह माणूस. आणि जपानचं नाव घेणाऱ्या साहेबांचे चिरंजीव न्यू जर्सीला, तिकडचं नागरिकत्व घेऊन पाच-सहा वर्षं झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, २०२२ मध्ये सव्वादोन लाख लोकांनी आपलं नागरिकत्व सोडलं, पुढच्या दोन वर्षांतही दोन-दोन लाखांच्या वरच, ज्याचा त्याचा प्रश्न. फक्त परभणीतच राहून देशाची सेवा कर हे दुसऱ्याच्या पोराला सांगू नका.

तो परभणीचा पोरगा तलाठी भरतीलाही बसला होता म्हणे, हे मला त्याच्या फोल्डरमधल्या हॉल तिकिटावरून कळलं. २०२३ ची. आठवतेय ना? जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या वर्गाला हजार रुपये फी, राखीवला नऊशे, आणि फॉर्म भरणारे सगळे बेकार. करा हिशोब. आणि निकालात काय, तर २०० पैकी २१४ मार्क. नॉर्मलायझेशन की काय ते, वेगवेगळ्या शिफ्टचे मार्क एका मापात आणायचं. आमच्या वेळी पैकीच्या पैकी मिळाले तर पेपर परत तपासायचे, इथे पैकीच्या वर मिळतात. त्याच्या आधी २०२१ च्या डिसेंबरात म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द, पोरं एसटीत बसून निघालेली. २०२४ च्या जूनमध्ये नीटच्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२०, आणि त्याच महिन्यात यूजीसी नेट झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी रद्द. कुठलं सरकार वगैरे माझ्यासमोर काढूच नका, पेपर फुटायला सरकार लागत नाही, तो सगळ्यांच्या काळात फुटतो. बत्तीस-तेहतीस वर्षांची पोरं त्या अभ्यासिकांमध्ये खुर्चीला पाठ लावून बसलीत, मेसचा डबा खातात, गावी फोन केला की सांगतात जाहिरात येणार आहे.

आणि मग एक जण येऊन सांगतो आठवड्याला सत्तर तास काम करा, दुसरा येतो तो नव्वद म्हणतो, बायकोकडे किती वेळ बघत बसणार. अहो आधी एक तास तरी द्या! तेही बरोबर आहे म्हणा, कारण सरकारी पाहणीत आठवड्यातून एक तास जरी काम केलं तरी तो माणूस त्या आठवड्यात रोजगारात धरतात. घरच्या दुकानात फुकट बसला तरी रोजगार. म्हणून बेरोजगारी पाच टक्क्यांच्या आसपास. मग काय अडचण आहे, सगळं छानच चाललंय, मीच वेडा.

इंजिनियर पावत्या फाडणार आणि तिकडे मालवणला महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ ला उभा राहतो आणि ऑगस्ट २०२४ ला कोसळतो, नऊ महिनेसुद्धा नाहीत, आणि कारण काय तर वारा. समुद्राकाठी वारा! कोणाला कल्पना असणार. साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग त्याच वाऱ्यात समोर उभा आहे. मुंबई-गोवा हायवेचं तर मी नावच काढत नाही, माझं बीपी गोळीवर आहे. आणि त्या पॉपकॉर्नवर जीएसटी परिषदेत डोकी लावत बसले होते, सुट्ट्यावर ५, पाकिटावर १२, कॅरमलवर १८. याचा इथे काय संबंध? काही नाही. पण मी विसरलेलो नाही.

हे सगळं मी रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात उभं राहून बोलत होतो. पोरगी पाणी प्यायला आली, म्हणाली, "बाबा, तुम्ही मी तिसरीत असल्यापासून देश संपला म्हणताय. मी आता नोकरीला लागले." मी म्हटलं तेव्हा वेगळं होतं. ती म्हणाली, तेव्हापण तुम्ही तेव्हा वेगळं होतं म्हणायचात. आता यावर काय बोलणार. आणि खरं सांगायचं तर आमचे अण्णाही तसेच, १९९१ ला सोनं विमानात घालून लंडनला गहाण टाकलं तेव्हा अण्णांनी जाहीर केलं की संपलं, आता ब्रिटिश परत येणार. मी तेव्हा कॉलेजात, मला वाटायचं म्हातारा किती कटकट करतो. पुढे अण्णांनी त्याच संपलेल्या देशात स्कूटरची मारुती केली आणि मारुतीत बसून तेच बोलायचे. आता चष्मा कपाळावर सरकवून पेपरवर बोट आपटायची त्यांची लकबसुद्धा माझ्यात आलीय असं बायको म्हणते. म्हणजे आमच्या घराण्यात देश बुडवायचं काम वंशपरंपरागत आहे. फक्त पेपरच्या जागी मोबाईल आलाय, त्यावर बोट आपटलं की भलतंच काहीतरी लाईक होतं. गेल्या आठवड्यात चेअरमनसाहेबांच्याच जपानच्या पोस्टला अंगठा गेला. त्यांनी हात जोडून धन्यवाद पाठवले.

पण अण्णांच्या आणि माझ्यात एक फरक आहे, तो पोरीला रात्री सुचला नाही तरी मला आत्ता सुचतोय. अण्णा देश बुडाला म्हणायचे तेव्हा त्यांना मी बुडेन असं कधी वाटलं नाही. डिग्री घे, चिकटशील कुठेतरी, एवढं ते छातीठोक सांगायचे आणि मी चिकटलोही. मला त्या पोराला तसं काही सांगता आलं नाही. स्टेपलर शोधला.

आणि नेमकं किती जण असे फोल्डर घेऊन फिरतायत ते मोजायचं तर त्यातही बोंब. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची कोविडनं गेली, ठीक, पण कोविड जाऊनही किती काळ लोटला. आता २०२७ ला होणार म्हणतात, डिजिटल. होऊ दे. दारात येणारी बहुधा झेडपीची नाहीतर महापालिकेची एखादी शिक्षिका असणार, वर्ग वाऱ्यावर सोडून जिने चढायला पाठवलेली. तिला मी आधी पंख्याखाली बसवणार, चहा टाकायला सांगणार, आणि घरात माणसं किती, काय करतात या प्रश्नांची उत्तरं देता देता पहिल्यापासून सगळं ऐकवणार, पॉपकॉर्नसकट. तिच्याकडे हे लिहायला रकाना नसेल, पण चहा होईपर्यंत तिला बसावंच लागेल, आणि आमच्याकडे चहा चांगला उकळवतात.